तुळई टाकली, तरी माडी पुन्हा का बसते?

"पुता, चवथ आली की हा दरवाजा रुसतो." गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, एका जुन्या घरात आजींनी माडीवरचा दरवाजा ढकलून दाखवला. खालचा अर्धा भाग उघडत होता, वरचा कोपरा चौकटीत रुतून बसला होता. खाली हॉलमध्ये चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, माटोळी बांधलेली: गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळा-पानांची चौकट. वर दोन पोरी धावल्या, की सुपारीची शिपटी आणि तोरिंगं हलायची, आणि पोरी थांबल्यावरही चार-पाच सेकंद हलत राहायची. घरमालकांचं म्हणणं सरळ होतं: "लोखंडी तुळई टाकलीय, तीन वेळा पाचरी ठोकून झाल्या, भेग दोनदा भरली. दर वर्षी तेच. आता आणखी एक तुळई टाकायची का?"

कंत्राटदार म्हणून हा प्रश्न मला वर्षाला पाच-सहा वेळा तरी येतो. घर बदलतं, आजी बदलतात, गोष्ट तीच असते. जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, पुढच्या हॉलवर लाकडी माडी. मुलं मोठी झाली म्हणून मागे खोली वाढवली. हॉल मोठा हवा म्हणून मागची भिंत काढली. त्या भिंतीवर माडीच्या कड्यांची टोकं टेकलेली होती, म्हणून भिंतीच्या जागी लोखंडी तुळई आडवी टाकली. वर्षभर सगळं ठीक. मग तक्तपोशी, म्हणजे माडीची फळ्यांची जमीन, करकरायला लागते, पावसाळ्यात तुळईच्या टोकाजवळ तिरकी भेग येते, दरवाजा अडकतो. गवंडी भेग भरतो, सुतार पाचर ठोकतो, उन्हाळा जातो आणि पुढच्या चवथीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. तक्तपोशीखाली ओळीने जाणारी लाकडं त्या कड्या. कड्यांना आडवी, त्यांच्या खालून जाणारी मोठी ती तुळई. साइटवर कोणी बीम म्हणतं, कोणी गर्डर. वस्तू तीच.

नेमकं काय बसलंय, ते आधी मोजा

पाचर ठोकण्याआधी अर्धा दिवस मोजण्यात घालवा. यंत्र लागत नाही. मासे पकडायची बारीक नायलॉन दोरी, पारदर्शक लेव्हल पाइप, स्टीलची पट्टी आणि पेन्सिल एवढं पुरतं. लेव्हल पाइपमध्ये बुडबुडा राहिला तर सगळं माप फुकट, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पातळी एक येते का ते पाहून घ्या.

दोरी तुळईच्या खालच्या पट्टीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणा, दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे देऊन. मधे दोरी आणि लोखंड यांच्यातलं अंतर ठोकळ्याच्या जाडीपेक्षा जितकं कमी, तितका तुळईचा झोल. मग लेव्हल पाइपने तुळईच्या दोन टोकांची उंची ताडून पाहा. झोल मधे असेल आणि टोकं एका पातळीत असतील, तर तुळई बारीक पडली. तुळई सरळ आहे पण एक टोक खाली, तर दोष तिच्या पायाखाली: भिंतीत किंवा खांबात. तुळई सरळही आहे, समपातळीतही आहे, आणि तरी तक्तपोशी उडते, म्हणजे पाऊल पडताच खालीवर होते, तर कड्या आणि तुळई यांच्यामधलं पॅकिंग ढिलं झालंय किंवा कड्याच अशक्त आहेत. कागदाची घडी कडी आणि तुळई यांच्यामध्ये सरकवून पाहा. जिथे कागद आरपार जातो, तिथे ती कडी तुळईवर टेकलेलीच नाही. ती शेजारणींच्या जिवावर उभी आहे.

खरी पंचाईत अशी, की बहुतेक घरांत या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या सापडतात. डिचोलीच्या त्या घरात मधे ११ मिमी झोल होता, जुन्या भिंतीकडचं टोक ६ मिमी खाली होतं, आणि नऊपैकी चार कड्यांखालून कागद सरळ गेला.

दरवाजाची वेगळी परीक्षा. पाकळी आणि चौकट यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखीच कमी झाली असेल तर लाकूड फुगलंय. गोव्यात जुलैमध्ये कुठला दरवाजा फुगत नाही? पण फट एका कोपऱ्यात शून्य आणि समोरच्या कोपऱ्यात बोटभर असेल, तर चौकट तिरकी झाली आहे. चौकट तिरकी झाली म्हणजे खाली काहीतरी हललंय. आजींचा दरवाजा दुसऱ्या प्रकारचा होता. थोडासा पहिल्याही.

तुळई मोडणार नाही, वाकणार

आता थोडा हिशोब. तुम्हाला इंजिनिअर करायचा विचार नाही, पण फॅब्रिकेटर "दीडशेची टाकू, मजबूत आहे" म्हणाला तर त्याला काय विचारायचं, एवढं कळायला हवं.

त्या घरात भिंत काढून झालेली मोकळी जागा ३.६ मीटर, म्हणजे बारा फूट. जुन्या बाजूच्या कड्यांचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, ३.६ मीटर, नव्या बाजूच्या कड्यांचा ३ मीटर. दोन्हीकडच्या अर्ध्या गाळ्याचं वजन तुळईवर येतं, म्हणजे १.८ आणि १.५ मिळून ३.३ मीटर रुंदीचा पट्टा. राहत्या खोलीला माणसं-सामान धरून चौरस मीटरला सुमारे २०० किलो घ्यायचे, असं आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे. कड्या आणि तक्तपोशीचे आणखी ५० किलो धरा. २५० गुणिले ३.३, म्हणजे तुळईच्या प्रत्येक मीटरवर ८२५ किलो. पूर्ण तुळईवर तीन टन, प्रत्येक टोकाला दीड टन.

त्यांनी टाकलेली तुळई होती आयएसएमबी १५०, म्हणजे १५० मिमी उंचीची, I आकाराची. एवढ्या वजनाखाली ती मोडत नाही, लोखंडावरचा ताण मर्यादेत राहतो. फॅब्रिकेटर खोटं बोलत नव्हता. पण मधे झोल येतो साधारण १२ मिमी. माडीच्या जमिनीवर तडकणारं काही असेल तर झोल गाळ्याच्या ३६० व्या भागात ठेवायचा, हा नेहमीचा दंडक, ३.६ मीटरला तो येतो १० मिमी. म्हणजे तुळई सुरुवातीपासूनच नापास. तिच्याऐवजी आयएसएमबी २०० असती तर झोल ४ मिमी. लोखंड मीटरला १५ किलोवरून २५ किलोवर जातं, पण ताठपणा तिपटीने वाढतो, कारण इथे उंचीचा खेळ आहे. बारीक उंचीचं जाड लोखंड घेण्यापेक्षा उंच लोखंड घ्या, हे मी सांगून सांगून थकलो. उत्तर ठरलेलं: "खाली डोक्याला लागतं", नाहीतर "तुळईखाली बसू नये म्हणतात".

आणि हा सगळा हिशोब लाकडी तक्तपोशीचा. वर कोणी सिमेंटचा थर देऊन टाइल्स बसवल्या, तर चौरस मीटरला आणखी शंभर-सव्वाशे किलो सहज वाढतात, आणि तीच दीडशेची तुळई १८ मिमीपर्यंत झुकते. माडीवर टाइल बसवायची हौस असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तुळईच्या वर अजून भिंत उभी असेल, तर वरचे आकडे सोडूनच द्या. पंधरा इंची चिऱ्याची भिंत तीन मीटर उंच असली, तर तिचंच वजन मीटरला अडीच टनांच्या आसपास जातं, म्हणजे जमिनीच्या तिप्पट. डिचोलीला वरची भिंतही काढली होती आणि छपराचं वजन बाजूच्या भिंतींवर नेलं होतं, म्हणून निभावलं. ज्या घरात वरची भिंत ठेवून खालची काढायची आहे, तिथे माझ्यासारख्या कंत्राटदाराच्या अंदाजावर जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही केलेला कागद घ्या. पंचायतीचा परवाना काढताना तो लागेलच.

चिरा दिसतो दगड, वागतो वेगळा

तुळईचं टोक जुन्या भिंतीवर कसं टेकवलंय, हे पाहायला मी प्लास्टर फोडायला लावलं. गवंड्याने छिन्नीचे चार घाव घातले आणि तांबडी पूड भसाभसा खाली आली. मी ती तळहातावर घेतली. ओली होती, बोटांनी दाबली की गोळा व्हायचा. तुळई सरळ चिऱ्यावर ठेवलेली, मधे पत्रा नाही, काँक्रीट नाही. भिंतीत गेलेली लांबी मोजली: जेमतेम १० सेंमी.

दीड टन वजन. तुळईची पट्टी ८ सेंमी रुंद, टेकलेली १० सेंमी, म्हणजे ८० चौरस सेंमी. चौरस सेंमीला जवळजवळ १९ किलो. चिऱ्याच्या दगडाला आयएस ३६२० मध्ये किमान ३५ किलोची दाबशक्ती सांगितली आहे, म्हणून लोकांना वाटतं निम्म्यात भागलं. पण ती एका सुट्या दगडाची फुटायची मर्यादा. मसाल्यात रचलेल्या भिंतीवर कायम ठेवायचा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्यात, साडेतीन किलोच्या आसपास धरतात. जुन्या घरांत मसाला म्हणजे बऱ्याचदा नुसती माती, तिथे त्याहूनही कमी. म्हणजे त्या एका चिऱ्यावर पाचपट ओझं होतं.

यात पावसाचं पाणी आलं की संपलं. चिरा स्पंजासारखा पाणी पितो आणि ओला चिरा कोरड्यापेक्षा कमकुवत असतो. आता प्रश्न हा, की घराच्या मधोमध असलेल्या भिंतीत पाणी आलंच कुठून?

इथे मी जरा थांबतो, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे आणि तिकडे कोणी पाहत नाही. मागे खोली वाढवली, तेव्हा काढलेली भिंत ही जुन्या घराची बाहेरची भिंत होती. तिच्यावरच जुन्या नळ्यांच्या छपराची वळचण संपायची. नवीन खोलीचं छप्पर तिथेच येऊन भिडतं. दोन्ही उतारांचं पाणी जिथे एकत्र येतं, ती पन्हळ बरोब्बर तुळईच्या रेषेत, तिच्या डोक्यावर बसते. वाढीव खोलीची रचनाच तशी असते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि ते सगळं पाणी एका पत्र्याच्या सांध्यावर. पन्हळीत पाना-फुलांचा गाळ साचला, पत्र्याचा जोड उघडला, की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं आणि थेट तुळईच्या टोकाखालच्या चिऱ्यापर्यंत येतं. जूनमध्ये भिंत कोरडी असते, ऑगस्टपर्यंत ती पिऊन तुडुंब होते. म्हणून दरवाजा चवथीला रुसतो. माटोळीचा त्यात काही दोष नाही. नारळाचा घड आणि फळं मिळून तिचं वजन ते किती!

त्या घरात मी शिडीवरून छपरावर गेलो. पन्हळीचा पत्रा चार जागी गंजून जाळीदार झाला होता, आणि त्यावर कोणीतरी काळं डांबर ओतून ठेवलं होतं. डांबरालाही भेगा.

पाचर हा उपाय नाही, तेच अर्धं दुखणं

आता त्या तीन वेळा ठोकलेल्या पाचरींकडे येऊ. लाकूड आपल्या उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवं मात्र फुगतं आणि आटतं. पावसाळ्यात इथे लाकडातला ओलावा अठरा टक्क्यांच्या घरात जातो, मार्च-एप्रिलपर्यंत बारा-तेरापर्यंत उतरतो. १५० मिमी उंचीची कडी आणि तिच्याखाली ४० मिमी पाचर मिळून १९० मिमी आडवं लाकूड तुळईवर उभं असतं. पावसाळा ते उन्हाळा एवढ्यात ते अडीच-तीन मिमीने कमीजास्त होतं. लोखंड तसूभर हलत नाही.

आता बघा काय होतं. एप्रिल-मेमध्ये लाकूड आटतं, कडी आणि तुळई यांच्यात फट पडते, तक्तपोशी उडायला लागते. घरमालक सुताराला बोलावतात: "पावसाआधी एवढं करून टाका." सुतार फटीत घट्ट पाचर ठोकतो. जूनमध्ये लाकूड फुगायला लागतं, पण वर जायला वाव नाही. मग एकतर तक्तपोशीचे खिळे वर येतात, नाहीतर पाचर तुळईच्या कडेवर चेपून जाते. चेपलेलं लाकूड पुन्हा तेवढं फुलत नाही. पुढच्या एप्रिलला फट मागच्यापेक्षा मोठी. पुन्हा पाचर. दर वर्षी एक-एक मिमीने सगळं बिघडत जातं, आणि ज्याने पहिली पाचर ठोकली त्याला वाटतं आपण काम चांगलं केलं होतं.

पाचरी कशाच्या होत्या म्हणाल, तर दोन आंब्याच्या, एक प्लायवूडचा तुकडा, आणि एका कडीखाली चक्क घडी घातलेला रबराचा पट्टा. कड्या मात्र माट्टीच्या, आपल्या ऐनाच्या, अजूनही ठणठणीत. ऐनाच्या कडीखाली आंब्याची पाचर म्हणजे जात्याखाली पापड.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने केली

काम मार्चमध्ये धरलं. लाकूड आटलेलं असताना मापं घेतली तर पावसाळ्यात फुगायला जागा राहते. उलट केलं तर नाही. सगळ्यात आधी छप्पर. पन्हळ पूर्ण काढून रुंद ॲल्युमिनियमची बसवली, दोन्ही बाजूंच्या नळ्यांखाली वीतभर वर चढवलेली, मधे जोड नाही. भिंतीचा माथा उघडा ठेवून तीन आठवडे सुकू दिला. घरच्यांना हे तीन आठवडे फार जड गेले. "खालचं काम कधी?" असं रोज विचारणं.

मग टेकू. तुळईच्या दोन्ही बाजूंना सुमारे दीड फुटावर कड्यांखाली आडवं जाड लाकूड आणि त्याखाली लोखंडी जॅकचे खांब, एका ओळीत चार. जॅक कधी टाइलवर उभा करू नका. टाइलखाली बहुधा भरावाची माती असते. दोन इंची फळी लांबच्या लांब घाला म्हणजे वजन पसरतं. जॅक सगळ्यांनी एकदम थोडे थोडे फिरवायचे. मी दिवसाला दोन मिमीपेक्षा जास्त उचलत नाही, आणि कुठे टकटक आवाज आला की त्या दिवसापुरतं थांबतो. पूर्ण सरळ करायचा हट्टही धरत नाही. पन्नास-साठ वर्षं वजन घेतलेली कडी वाकलेलीच राहते. तिला जबरदस्तीने सरळ केलं तर दुसरीकडे भिंतीतलं टोक उचकटतं. आम्ही सहा दिवसांत ९ मिमी उचललं आणि तिथेच हात जोडले.

तुळईवरचं वजन निघाल्यावर जुन्या भिंतीतला चिरडलेला भाग काढला. तिथे काँक्रीटचा गादीठोकळा ओतला: भिंतीची पूर्ण जाडी ३८ सेंमी, लांबी ४५, उंची २०, आत सळ्यांची जाळी. तेच दीड टन आता १७१० चौरस सेंमीवर पसरतं, म्हणजे चौरस सेंमीला एक किलोही नाही. त्यावर १२ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा, आणि तुळई भिंतीत १० ऐवजी २० सेंमी आत. ठोकळा ओतल्या ओतल्या त्यावर वजन देऊ नका. दोन आठवडे तरी ओला ठेवा, जॅक राहू देत.

तुळई बदलायची की मजबूत करायची, यावर घरात चर्चा झाली. २०० ची घातली असती तर पाच सेंमी आणखी खाली आली असती, आणि सव्वाचार मीटरचा तुकडा शंभर किलोच्या वर, खोलीत फिरवायलाही जागा नाही. आम्ही जुनी १५० ची तिथेच ठेवून तिच्या दोन्ही अंगांना आयएसएमसी १५० ची, म्हणजे तेवढ्याच उंचीची C आकाराची, चॅनेलं लावली, दर ६० सेंमीवर मधे पॅकिंग देऊन बोल्टने आवळली. तिन्हींचा मिळून ताठपणा जवळजवळ २०० च्या तुळईएवढाच होतो आणि उंची वाढत नाही. एक चॅनेल सत्तर किलोच्या आसपास, तिघांनी आरामात चढवलं. अट एकच: चॅनेलं घालताना तुळई जॅकवर हलकी असली पाहिजे. वाकलेल्या तुळईला चॅनेल आवळलं तर सगळं वजन जुनीच घेते आणि नवीन दोघी बघत राहतात.

वेल्डिंग आम्ही बाहेर अंगणात केलं. वर जुनी वाळलेली तक्तपोशी असताना खाली ठिणग्या उडवायच्या नाहीत. गरजच पडली तर ओलं गोणपाट, पाण्याची बादली, आणि काम संपल्यावर तासभर कोणीतरी तिथे बसून राहायचं.

कड्यांखाली पाचरी नाहीत. प्रत्येक कडीखालचं अंतर पट्टीने मोजून तेवढ्याच जाडीचे लोखंडी तुकडे रचले, आणि कडीच्या दोन्ही बाजूंना अँगलचे तुकडे तुळईला बसवून त्यातून कडीत बोल्ट घातला. अँगलमधलं बोल्टाचं भोक उभं लांबट ठेवलं, म्हणजे लाकूड फुगलं तर वर सरकेल, बाजूला कलणार नाही. कड्यांच्या मधल्या जागेत तुळईच्या माथ्यावर आडवे ठोकळे घट्ट बसवले. उडणं निम्मं या ठोकळ्यांनीच कमी झालं, असा माझा अंदाज.

तुळई चांगली आणि तरी जमीन बसते, तेव्हा

नवीन बाजूचा खांब बसत असेल तर वरचं सगळं व्यर्थ. जुनं घर शंभर वर्षं आपल्या जागी बसून झालेलं असतं. नवीन खोलीचा पाया मात्र भरावावर, कधी सेप्टिक टाकीच्या खड्ड्याशेजारी, आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) कडेला असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी भेग तिरकी नसून जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात उभी येते, वर रुंद आणि खाली अरुंद. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली म्हणजे हालचाल चालू आहे. पाया उकरून पाहिल्याशिवाय तिथे पुढे काही बोलण्यात अर्थ नाही.

दुसरं, कड्यांची भिंतीत गेलेली टोकं. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, म्हणजे बहुधा पश्चिमेला, भिंत ओली राहते आणि टोक आतून कुजतं. बाहेरून तेल लावल्यासारखं चकचकीत दिसतं. हातोडीने टकटक करा, आवाज बद आला तर जाड स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्धा इंच सहज गेला तर ते टोक गेलंच म्हणायचं. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून चढलेली दिसली तर आधी तिचा बंदोबस्त.

तिसरा माझा आवडता शत्रू प्लंबर. माडीवर टॉयलेट केलं, पाइपला उतार हवा म्हणून कडीला वरून एक इंच खाच पाडली. १५० ची कडी तिथे १२५ ची झाली, आणि तेवढ्या जागी तिचा ताठपणा ५८ टक्क्यांवर आला. तीच खाच तुळईवर टेकणाऱ्या टोकाला खालून पाडली, म्हणजे तुळई छतात लपवायला, तर कडी खाचेच्या कोपऱ्यातून आडवी चिरते. अशी चिरलेली कडी दोन्ही बाजूंना चॅनेल किंवा फळी बोल्टने लावून बांधता येते. पण भोक पाडायचंच असेल तर ते कडीच्या उंचीच्या मधोमध पाडा, हे प्लंबरला आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नाही, तो तोवर पुढच्या साइटवर असतो.

आणि एक, बांधकामाचा नसलेला मुद्दा. पुष्कळ घरांत ती मागची भिंत वाटणीतली असते. तुळईचं एक टोक आपल्यात, दुसरं चुलत भावाच्या भिंतीत. ठोकळा ओतायला त्यांचं प्लास्टर फोडावं लागतं. बोलणं आधी करून घ्या, चहा घेऊन. मी दोन कामं याच कारणाने अर्धवट सोडली आहेत.

डिचोलीच्या घरात जॅक काढले त्या दिवशी तुळईच्या मधे पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली. चवथीच्या चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो. झोल साडेतीन मिमी, जुन्या भिंतीकडचं टोक जिथे होतं तिथेच, कागद एकाही कडीखालून जात नव्हता. पोरींना वर फुगडी घालायला लावलं. तोरिंगं हलली आणि लगेच थांबली. आजींनी दरवाजा उघडून दाखवला. कोपरा सुटला होता, पण कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत दोन मिमी घासत होता. सुतार रंधा घेऊन तयारच उभा होता. त्याला म्हटलं, आता नको, नोव्हेंबरात ये. तोवर लाकूड आटेल, आणि मग रंधा मारायला काही उरतं का ते बघू.